मटारांशेजारची सात मिनिटं

३ फेब्रुवारी

चि. दशांशबाई,

अनेक आशीर्वाद. मामा फोन का उचलत नाही म्हणून तू धुसफुसत असशील. पुढेही उचलणार नाही. फोनमध्ये माणसाचा आवाज वरून-खालून छाटून मधला तेवढा गाळीव भाग पाठवतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तसल्या आवाजात भाचीशी बोलण्यापेक्षा पत्र बरं. शाईत निदान छाटाछाट होत नाही.

बातमी अशी, की आमच्या कानसेन मंडळाने गेल्या रविवारी इतिहास घडवला. माझ्या खोलीतल्या स्पीकरच्या केबली आम्ही जमिनीवरून उचलल्या आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवल्या. कल्पना अर्थात आमच्या दंतवैद्यांची. केबल फरशीला टेकली की आवाजाचा जीव फरशीत उतरतो, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, काय तो फरक! डब्याचं झाकण काढावं तसा आवाज मोकळा झाला. मंडळातला शिंपी म्हणाला, मला काही कळलं नाही. पण तो जन्मभर शिलाईयंत्राशेजारी बसलेला, त्याचं काय मनावर घ्यायचं? दोनदा ऐकवल्यावर त्यालाही कळलं. तुझी मामी चहा घेऊन आली, ठोकळ्यांकडे बघून म्हणाली, "बरं झालं, केर काढायला सोपं," आणि गेली.

आता मुद्द्याचं. मामीची ती रिळावरची टेप तुला माहीत आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे अडतीस वर्षांपूर्वी, उसनं यंत्र आणून मी तिचं गाणं टिपून घेतलं होतं. मोजून सात मिनिटं. त्यानंतर तीन वर्षांनी तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि वरचा आवाज गेला तो गेलाच. बोलते ठणठणीत, त्याचा तुला अनुभव आहे. पण गाणं थांबलं. तिच्या गाण्याची तेवढीच खूण जगात उरली आहे. अलीकडे ती टेप मला धूसर वाटते. वरचे सूर धुक्यात उभे असल्यासारखे.

दंतवैद्यांनी उपाय काढलाय. टेप तीन दिवस उणे वीस अंशांत ठेवायची, मग सावकाश बाहेर आणायची. थंडीने तिच्यावरचे चुंबकी कण शांत होतात आणि पुन्हा नीट रांगेत बसतात. आमचे एक सभासद शीतगृह चालवतात. मटारांच्या कप्प्यात जागा आहे म्हणाले.

तू आवाज मोजणारी यंत्रं तपासून त्यांना दाखले देतेस. तेव्हा तुझं शास्त्रीय मत कळव. मोघम नको.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. तू मोघम नको म्हणालास, म्हणून मी नेमकं लिहिते, आणि तेच तुला मोघम वाटणार. आमच्या धंद्यातलं हे रोजचं दुखणं आहे.

थंडीने टेपचा आवाज सुधारेल असं मानायला मला एकही कारण सापडत नाही. कण शांत होतात म्हणजे काय, हे दंतवैद्यांना विचार. कण काही दाढेसारखे ठणकत नसतात. उलट जुन्या टेपवरचा लेप आणि खालची पट्टी थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, बाहेर काढल्यावर ओल धरतात, असं माझ्या कानावर आलंय. नुकसान होईलच असं मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण मी ते मोजलेलं नाही, आणि न मोजलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. पण जगात एकच असलेली वस्तू मी स्वतः थंडीत ठेवणार नाही. आधी नक्कल काढू. मी यंत्र घेऊन येते, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि मामा, एक विचारू? तू पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं मीटर तपासलेस. लोकांच्या दारात उभा राहून "मीटर सांगतं ते मीटर सांगतं" म्हणून भांडलास. निवृत्त झाल्यावर तुझा मापांवरचा विश्वास असा एकदम कसा उडाला?

मामीला नमस्कार. तिला या बेतात काय वाटतं?

तुझी दशांश


१५ फेब्रुवारी

चि. दशांशबाई,

शाब्बास! तुझं पत्र मी मंडळात वाचून दाखवलं. सगळं नाही, कारण दाढेचं वाक्य दंतवैद्यांसमोर वाचणं बरं दिसलं नसतं. पण गाभ्याचं वाक्य दोनदा वाचलं: "नुकसान होईलच असं मी खात्रीने सांगू शकत नाही." प्रयोगशाळेतून! सही करणाऱ्या बाईकडून! दंतवैद्यांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, हीच खऱ्या विज्ञानाची नम्रता. विज्ञानाला अजून कान म्हणजे काय हेच पुरतं कळलेलं नाही, मग कानाला जे कळतं त्याला नाही म्हणणारं विज्ञान कोण? ठराव एकमताने मंजूर झाला. शिंप्याने हात जरा उशिरा वर केला, पण केला.

नक्कल काढायची नाही. आवाजाचे आकडे करायचे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, यात मधल्यामध्ये माणूस हरवतो. शिवाय नक्कल काढायला टेप वाजवावी लागेल, आणि वाजवली की झिजते. मी ती वर्षातून दोनदाच वाजवतो.

माझ्या मीटरच्या नोकरीचं म्हणशील तर पाणी वेगळं आणि गाणं वेगळं. पाणी बादलीत मावतं.

तुझ्या मामीला मी रीतसर सांगितलं. शीतगृह, उणे वीस, तीन दिवस, मटार, सगळं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." म्हणजे तिकडूनही हरकत नाही. मामी आणि विज्ञान दोघांची संमती एकाच आठवड्यात मिळणं हा दुर्मिळ योग आहे.

तारखा ठरल्या. २० मार्चला टेप आत, २३ ला बाहेर, २६ ला सगळ्या मंडळासमोर श्रवण. तू ये.

तुझा मामा


४ मार्च

ती. मामा,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कामात चुका केल्या. माझ्या एका वाक्याचं शेपूट कापून तू त्याला मंडळात नाचवलंस. "मी स्वतः थंडीत ठेवणार नाही" हे वाक्य त्याला लागूनच होतं. ते वाचताना चष्मा सापडत नव्हता का?

राग आला, पण रागाने टेप वाचणार नाही. म्हणून मोजून बघितलं. जुन्या बाजारात फिरून तुझ्या टेपच्याच बनावटीची, साधारण त्याच वयाची दहा रिळं मिळवली. त्यांवर कुणाकुणाची भाषणं, एका कुटुंबाचा वाढदिवस, एकावर तर अर्धा तास नुसतं घोरणं आहे. सगळी आधी वाजवून मोजली. मग आमच्याकडे यंत्रांची परीक्षा घ्यायला जे थंडीचं कपाट आहे, त्यात तीन दिवस उणे वीसला ठेवली. साहेबांनी खरं कारण ऐकून घेतलं. मग म्हणाले, शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आहे, कपाट रिकामंच असेल.

निकाल असा. दहांपैकी आठ रिळांत काही फरक पडला नाही. माझ्या मोजणीची अनिश्चितता प्लस-मायनस शून्य पूर्णांक तीन डेसिबल, त्याच्या आतच सगळे आकडे. नवव्या रिळाचे थर एकमेकांना चिकटले आणि सोडवताना कुरकुरले. दहाव्यावरचा लेप एका जागी भुकटी होऊन उडाला. तिथे एक मुलगा मेणबत्त्या विझवत होता, तो आता नाही. सुधारलं एकही नाही.

दहा ही काही मोठी संख्या नव्हे, हेही प्रामाणिकपणे लिहिते. पण मला पुरे झाली. ते भुकटी झालेलं रीळ हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. कुणाचा मुलगा होता तेही मला माहीत नाही, आणि तरी वाईट वाटलं.

मामा, नको ना ठेवू.

तुझी दशांश


८ मार्च

चि. दशांशबाई,

तुझ्या मेहनतीला मानलं. अख्खं मंडळ तुझ्यावर खूश आहे. दहांपैकी आठ! एवढं यश तर दंतवैद्यांना दातांतही मिळत नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

सुधारणा दिसली नाही म्हणतेस. पण तू स्वतःच लिहिलं आहेस की तुझ्या मोजणीत शून्य पूर्णांक तीनची अनिश्चितता आहे. मग सुधारणा राहते कुठे? त्या तीनच्या घरात राहते! तुझ्या यंत्राच्या नजरेतून निसटते आणि आमच्या कानांना सापडते. हे वाक्य दंतवैद्यांचं, पण मला फार पटलं. आणि ती दोन बिघडलेली रिळं? दहा ही छोटी संख्या आहे, हेही तूच लिहिलंस. दोन वाईट निघाली त्यावरून काय सिद्ध होतं? जुन्या बाजारातला माल. त्यांना आधीच काही झालं नसेल कशावरून? आपली टेप मी अडतीस वर्षं मऊ फडक्यात ठेवली आहे.

तू घाबरट नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी भिंतीवरून चालायचीस. मग या टेपच्या बाबतीतच एवढी कच का खातेस?

उद्या शीतगृह बघायला जातोय. मटारांचा कप्पा कोरडा आहे का, वास तर लागणार नाही ना, हे आधी तपासलेलं बरं. काळजी मलाही आहे म्हटलं.

तुझा मामा


१० मार्च

बाळ,

पत्र लिहायची सवय गेली आहे, चुका झाल्या तर घे सांभाळून. तुझे मामा काल दुपारभर शीतगृह बघून आले ते शिंकतच आले. आता नाकाला वाफ घेत बसले आहेत, तेवढ्यात हे लिहिते.

तू दहा टेपा गोठवून बघितल्यास हे त्यांनी मला जेवताना सांगितलं. केवढ्या अभिमानाने सांगत होते! तुझं सगळं कौतुक करून झालं आणि मग म्हणाले, तेव्हा वीस तारीख पक्की. मला हसावं की वाढलेलं ताट उचलावं कळेना.

तू विचारलं होतंस मला काय वाटतं. त्यांनी नाही विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. अजून किती स्पष्ट बोलायचं असतं माणसाने?

तुला म्हणून सांगते. दर रविवारी ते मंडळात जातात ना, तेव्हा मी ती टेप लावते. दारं-खिडक्या लावून घेते. पहिल्यांदा यंत्र मोडेल म्हणून भीत भीत लावली. झिजेल म्हणून ते ती वर्षातून दोनदाच वाजवतात, आणि मी दर आठवड्याला वाजवते. तरी धूसर बिसर काही नाही. वर जाताना ती मुलगी इतकी सहज जाते, की मला अजून कळत नाही ती मीच होते का. वाईट वाटत नाही गं. फार बरं वाटतं. म्हणून ती टेप मला हवी आहे, अगदी आहे तशी. धूसर तर धूसर.

हे त्यांना सांगू नकोस. नुसतं सांगायचं असतं तर मीच सांगितलं असतं. त्यांनी विचारायला हवं.

तुझी मामी


१३ मार्च

ती. मामा,

सर्दी कशी आहे? थंडीने तुझे कण शांत झालेले दिसत नाहीत.

यावेळी एकही नवीन आकडा पाठवत नाही. आकडे पाठवते आणि तू त्यांच्यातलं हवं तेवढं वेचून घेतोस, म्हणून या पत्रात वेचण्यासारखं काही ठेवलं नाही.

मी सातवीत होते तेव्हा सुट्टीत तू मला तुझ्या कामाच्या गोष्टी सांगायचास. मीटरच्या कागदावर छापलेलं असायचं, दोन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. ते वाचून प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस तुला अडवायचा. साहेब, तुमच्याच कागदावर लिहिलंय मीटर चुकू शकतं, तेव्हा माझं पाणी दोन टक्के कमी धरा. आणि तू पोट धरून हसत म्हणायचास, इतक्या वर्षांत एकही माणूस असा भेटला नाही की जो म्हणाला, मीटर चुकू शकतं, तेव्हा माझं पाणी दोन टक्के जास्त धरा.

मामा, आता तू त्या दारात उभा आहेस. माझ्या शून्य पूर्णांक तीनमध्ये तुला सुधारणा दिसते. त्याच घरात तेवढाच बिघाडही राहतो, एकाच भिंतीआड. त्याच्याशी तू बोलत नाहीस. आठ रिळं चांगली राहिली तर तो पुरावा, आणि दोन बिघडली तर दहा ही छोटी संख्या. मला माहीत नाही असं मी लिहिलं, की त्याचा अर्थ "तुला माहीत आहे" असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की दोघांनाही माहीत नाही, आणि माहीत नसताना माणूस हात आखडता घेतो. आमच्याकडे एक मूळ यंत्र आहे, ज्याच्याशी बाकी सगळी ताडून बघतात. ते आम्ही कधीच कुठल्या प्रयोगाला देत नाही. त्याला धक्का लागणार नाही अशी नव्याण्णव टक्के खात्री असली, तरी देत नाही.

राहिलं मामीचं "तुमचं तुम्ही बघा." मी बारा वर्षं मापनाचं काम करते. इतकं नेमकं, इतकं स्वच्छ, दुसरा अर्थच नसलेलं वाक्य माझ्या हाताखालून गेलेलं नाही. हवा तर सही-शिक्क्यासह दाखला देते. तू मंडळाला विचारलंस, मला विचारलंस, दंतवैद्यांना विचारलंस, मटारवाल्यांना विचारलंस. जिचा आवाज आहे तिला फक्त कळवलंस. एकदा विचारून तर बघ.

रागावलास तरी चालेल. पत्र मात्र टाक.

तुझी दशांश


२१ मार्च

मामा,

आठवडा झाला, तुझं पत्र नाही. काल वीस तारीख होती. मी काल सबंध दिवस कामावर घड्याळ बघत होते. फोन केला तर मामी म्हणाली, "तुझे मामा लिहितील," आणि ठेवला. तिच्या आवाजावरून काही कळलं नाही. फोनमध्ये खरंच छाटाछाट करतात बहुतेक.

काय झालं ते एका ओळीत तरी कळव. टेप कुठे आहे?

दशांश


२४ मार्च

चि. दशांशबाई,

टेप घरी आहे. आधी हे, म्हणजे तू श्वास घेशील. येत्या रविवारी तुझं यंत्र घेऊन ये आणि नक्कल काढ. दोन काढ. एक मामीने तिच्या नावाने मागितली आहे.

तुझं तेरा तारखेचं पत्र लागलं मला. सर्दीपेक्षा जास्त लागलं. मीटरच्या गोष्टी मीच तुला सांगितल्या आणि तू त्याच माझ्या अंगावर सोडल्यास. मनात म्हटलं, पोरीला काय कळतं संगीतातलं. पण ती दारातली माणसं एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागली. तावातावाने कागद नाचवणारी. आणि प्रत्येकाचा चेहरा दंतवैद्यांसारखा दिसायचा, एकाचा तर चक्क माझ्यासारखा.

तरी वीस तारखेला गेलो. शब्द दिला होता ना! टेप टॉवेलात गुंडाळून, पिशवी छातीशी धरून. शीतगृहाच्या दाराला जाड रबरी पट्ट्यांचा पडदा आहे, तो बाजूला केला की तोंडातून धूर निघतो. आत छतापर्यंत मटारांची पोती. दंतवैद्य होते, शिंपी होता. शीतगृहवाल्यांनी सवयीने छापील कागद पुढे केला: माल खराब झाल्यास शीतगृह जबाबदार नाही, इथे सही करा. दंतवैद्य म्हणाले, नुसती रीत आहे हो, करून टाका.

मी पेन उघडलं आणि मला माझी जुनी युक्ती आठवली. दारातला माणूस फारच हुज्जत घालायला लागला, की मी वही मिटायचो आणि म्हणायचो, ठीक आहे, मीटर काढून तपासायला पाठवू. फक्त ते मंद चालत असेल, तर गेल्या पाच वर्षांचं पाणी वाढवून धरावं लागेल. करू सही? त्यावर माणूस हमखास म्हणायचा, राहू द्या साहेब, चाललंय ते बरं चाललंय.

मी पेन मिटलं. म्हटलं, "दंतवैद्यसाहेब, कप्प्यात भरपूर जागा आहे. तुमच्या वडिलांच्या वादनाची ती एकुलती एक तबकडी आहे ना, तीही घेऊन या. शेजारी ठेवू. तिचाही आवाज उजळेल."

दंतवैद्य म्हणाले, "छे छे, तबकडीचं शास्त्र वेगळं. थंडीत तिचं नेमकं काय होईल, हे अजून कुणालाच खात्रीने..." आणि थांबले.

मी शीतगृहवाल्यांकडे वळलो. त्यांच्याकडे मुलीच्या पहिल्या बोबड्या शब्दांची कॅसेट आहे, आम्हाला दहा वेळा ऐकवली आहे त्यांनी. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. ती इथे ठेवली तर तिची आई मलाच पोत्यात घालून आत ठेवेल." शिंपी हसायला लागला तो थांबेचना. मग दंतवैद्यही हसले. मोठ्या मनाचा माणूस आहे, उगीच नाही मी त्यांच्याकडून दात काढून घेत. म्हणाले, "मीटरवाले, पकडलंत." मी म्हटलं, मला आधी भाचीने पकडलंय. त्या थंडीत चौघं उभे राहून आम्ही इतके हसलो की चष्मे पांढरे झाले.

मग घरी आलो. तुझी मामी ओट्याशी होती. मागे न बघता म्हणाली, "ठेवली?"

"नाही."

"का?"

"विचारायला आलो. ठेवू का?"

"नको," ती म्हणाली.

बस. एक शब्द. मी म्हटलं, "मग आधी का नाही म्हणालीस?"

"म्हणाले की! तुमचं तुम्ही बघा म्हटलं नव्हतं का?"

तुझा दाखला आता फ्रेम करून लावावा म्हणतो.

तिने हात पुसले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सरळ माझ्या खोलीत गेली. त्या खोलीत खुर्ची एकच आहे, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर समोर. जिथे आवाज सगळ्यात नीट मिळतो तिथे मी खडूने खूण करून ठेवली आहे. खुर्चीत बसण्याआधी तिने टेप यंत्रावर चढवली. ते यंत्र हट्टी आहे. पट्टी डाव्या चाकाखालून जरा ताणून घ्यावी लागते, नाहीतर घसरते. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. तिने न बघता ताणून घेतली.

मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, "कितीदा ऐकलीस ही?"

म्हणाली, "मोजलं नाही."

मग सात मिनिटं टेप चालली. दारात आवाज सगळ्यात वाईट मिळतो, असं मी मंडळाला वीस वर्षं शिकवत आलो. मला काही वाईट वाटला नाही. खरं म्हणजे मी आवाज ऐकतच नव्हतो. मी तिच्याकडे बघत होतो. वरच्या सुरावर जाताना तिची हनुवटी जराशी उचलली जात होती, आत्ता, खुर्चीत बसल्या बसल्या. अडतीस वर्षांपूर्वी उसन्या यंत्रासमोर उभी होती तेव्हाही अशीच उचलली होती. हे मला कुठल्या केबलीने सांगितलं नसतं.

गाणं संपलं. मी उभाच. या टेपबद्दल मी अख्ख्या मंडळाशी बोललोय, वरचे सूर धूसर, खालचे जड, मध्ये खरखर. तुला पानंच्या पानं लिहिली. तिच्याशी काय बोललो होतो ते आठवायला लागलो, आणि एक वाक्य सापडेना. तेव्हा म्हणून टाकलं. "तू फार सुंदर गायचीस."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू. म्हणाली, "एवढं सांगायला तुम्हाला अडतीस वर्षं लागली?"

आणि टेप परत सुरुवातीला नेली.

तुझा मामा